तिसरा साचा

मुंबईच्या गिरणीतली नोकरी गावातच लागायची. माझ्या आजोबांना ती मालवणजवळच्या आमच्या वाडीत, शिमग्याच्या मांडावर लागली. 1926 साल होतं, आजोबा अठरा वर्षांचे. परळच्या एका गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर असलेला गावचाच माणूस होळीला आला होता. त्याने पणजोबांना सांगितलं, पोराला पुढच्या आगबोटीत बसवा, बाकीचं मी बघतो. पणजोबांनी दोन बकरे विकले. भाड्याला किती गेले आणि जॉबरच्या हातात किती पडले, हे आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही. वडिलांना विचारायची त्यांची छाती झाली नाही.

कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिली कापड गिरणी उभी करायला घेतली ती 1854 मध्ये, आणि दोन वर्षांनी तिची चाकं फिरली. तेव्हापासून पाऊणशे वर्षं मुंबईच्या गिरण्यांत नोकरभरतीचं असं ऑफिस नव्हतं. मालकाला भांडवल ठाऊक, लँकेशायरहून आणलेल्या मास्तराला यंत्र ठाऊक, आणि माणसं ठाऊक फक्त जॉबरला. माणूस आणणं, त्याला काम शिकवणं, बिघडलेला साचा नीट करणं, दंड लावणं, सुट्टी देणं, काढून टाकणं ही सगळी सत्ता त्या एकाच्या हाती होती. तोच खोली बघून देई, तोच वाण्याकडे जामीन राही. त्या बदल्यात पगाराच्या दिवशी त्याला दस्तुरी द्यायची. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी.

आजोबा जॉबरबद्दल कडवटपणे बोलत नसत, याचं मला लहानपणी नवल वाटे. त्याच माणसाने त्यांना तापात डॉक्टरकडे नेलं होतं, आणि त्याच माणसाने दस्तुरी थकली म्हणून आठवडाभर दारातून परत पाठवलं होतं. दोन्ही गोष्टी ते एकाच सुरात सांगत. मला मात्र आज वाटतं, की ज्याच्या हातात आपली भाकरी त्याच्याच हातात आपलं आजारपणही असावं, ही त्या व्यवस्थेतली सर्वांत क्रूर गोष्ट होती. माणूस त्याच्यावर रागावूही शकत नसे.

पहिली दोन वर्षं आजोबा बदलीवर होते. बदली म्हणजे कायम कामगार खाडा करील तेव्हा त्याच्या साच्यावर उभा राहणारा माणूस. पहाटेचा भोंगा व्हायच्या आत गिरणीच्या दारात जायचं, अंग आखडून भिंतीला टेकायचं आणि वाट बघायची. कायम माणसं आत जात. दरवाजा बंद होई. आत हजेरी होऊन कोण कोण आलं नाही हे कळलं की जॉबर बाहेर येई आणि हात करून माणसं निवडी. बोट आपल्याकडे वळलं तर दिवसाचा रोज मिळाला. नाही वळलं तर गाळ्यावर परत, जिथे आधीच्या पाळीची माणसं नुकती आडवी झालेली असत आणि बसायलाही जागा नसे. म्हणून मग दुपारपर्यंत रस्त्यात.

"उभो रवणा ह्यांच काम होतां. पैसे नाय मिळत, इतक्याच," आजोबा म्हणायचे.

गिरणीमालक त्या काळी सारखे तक्रार करत, की हा कोकणातला आणि घाटावरचा कामगार स्थिर नाही, भात कापायला गावी पळतो, खाडे फार करतो. खाडे होत हे खरं. पण गावची शेती सोडावी एवढा भरवसा मुंबईने कुणाला दिला होता? बाजार चढला की माणूस हवा, उतरला की नको. त्यासाठी दाराशी हाताखाली माणसं उभी असणं गिरणीला सोयीचंच होतं. ती सोय फुकट मिळत होती. तिची किंमत भिंतीला टेकलेला माणूस त्याच्या झोपेतून, पोटातून, लग्न पुढे ढकलण्यातून मोजत होता. ताण हा शब्द आजोबांच्या बोलण्यात कधी आला नाही. ते म्हणत, त्या दोन वर्षांत मला स्वप्नातसुद्धा भोंगा ऐकू यायचा आणि मी दचकून उठायचो, पाळी नसलेल्या दिवशीही.

कायम झाले तेव्हा त्यांच्याकडे दोन साचे आले. आत गेल्यावरची गिरणी कशी होती, हे मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून खात्यात वाफ सोडलेली, खिडक्या बंद. कपडे अंगाला चिकटलेले. शेकडो धोट्यांच्या दणदणाटात शेजारच्याशी बोलायचं ते हातवाऱ्यांनी आणि ओठांनी. म्हातारपणी आजोबा टीव्हीचा आवाज बंद करूनही बातम्या देणारा काय म्हणतोय ते बरंचसं ओळखत, आणि आम्ही मुलं ती जादू समजायचो. ते बहिरे झाले होते.

त्यांच्या आधीच्या पिढीने याहून वाईट पाहिलं होतं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारून सभा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा कामगारांना आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पण 1905 च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला की काम थांबायचं, ही निसर्गाने घातलेली हद्द संपली. चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास गिरण्या चालू लागल्या. पुरुषांच्या कामाला बारा तासांची कायद्याची मर्यादा यायला 1911 उजाडावं लागलं. दिवा ही केवढी चांगली वस्तू! तो कुणाच्या सोयीने लावला आणि कुणाच्या सोयीने विझवला, त्यावर सगळं अवलंबून होतं.

भरतीची आणखी एक गोष्ट आजोबांनी फार उशिरा सांगितली. आमच्या वाडीशेजारच्या महारवाड्यातला त्यांच्याच वयाचा एक मुलगा त्याच आगबोटीने आला होता. हुशार होता, हाताने चपळ होता. त्याला साचाखात्यात घेतलं नाही, त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, धाडलं. धोट्यात नवी बाबीन घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावं लागे. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागणार, म्हणून सवर्ण साचेवाल्यांनी अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ दिलं नव्हतं. साच्यावर पगार जास्त, त्रासनात कमी. मालकाने तसा नियम केला नव्हता, पण मोडलाही नव्हता. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला, की साचाखातं सगळ्यांना खुलं करण्याची मागणीही तुमच्या मागण्यांत हवी. आजोबा हे सांगताना खाली बघत. ज्या धोट्यासाठी माणसाला दूर ठेवलं, त्याच धोट्याने आपल्यातल्या कितीजणांना क्षय दिला, असं ते म्हणाले होते. त्या मुलाचं पुढे काय झालं, हे त्यांनी सांगितलं नाही.

आता तो तिसरा साचा. पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली, जपानी कापड स्वस्तात येऊ लागलं, आणि काही गिरण्यांनी कमी माणसांत जास्त काम काढायची योजना आणली. दोन साचे चालवणाऱ्याने तीन चालवावेत, त्रासनात एक बाजू सांभाळणाऱ्याने दोन सांभाळाव्यात. मास्तरांनी समजावून सांगितलं, की सूत चांगलं देऊ, तुटणार कमी, तुम्हाला मजुरीही थोडी जास्त मिळेल. कागदावर त्यात तथ्य होतं. पण तिसऱ्या माणसाचं काय, हे कुणी सांगितलं नाही. दोघांचे सहा साचे झाले की तिसरा दारात बदलीवर जाणार, हे खात्यातल्या प्रत्येकाला दिसत होतं. आणि जो राहील त्याचं?

"दोन डोळे, दोन साचे. तिसऱ्याक डोळो खंयसून हाडू?"

हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं जातं. एखाद्या बाईवर घरातलं तिसरं काम येऊन पडलं, की ती हेच म्हणते. त्यामागचा अनुभव मात्र साध्या थकव्याचा नव्हता. सूत तुटलं आणि साचा चालू राहिला, तर कापडात खोट येते आणि तिचा दंड विणणाऱ्याला बसतो. दोन साच्यांत नजर फिरवण्याची एक लय हाताला बसलेली असते. तिसरा आला की ती लय मोडते, माणूस सतत कुठेतरी काहीतरी तुटलं असेल या धास्तीत उभा राहतो. आजोबांना काही आठवडे तीन साचे चालवावे लागले होते. त्या दिवसांत जेवताना त्यांची मान आपोआप उजवीकडे वळायची, असं आजी सांगे.

1928 च्या एप्रिलमध्ये सुरू झालेला सार्वत्रिक संप ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. डांगे, जोगळेकर, निंबकर यांच्याबरोबर अर्जुन आत्माराम आळवे आणि कासले हे प्रत्यक्ष गिरणीत राबलेले पुढारी होते, आणि आजोबांचा जीव होता तो आळव्यांवर. त्या संपातच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन जन्माला आली. सतरा मागण्या होत्या. पगारकपातीला विरोध होताच, पण कामगारांना न विचारता कामाच्या अटी परस्पर बदलू नयेत, हाही त्यांचा गाभा होता. मला या संपाचं मोल तिथे वाटतं. यंत्राला विरोध म्हणून त्याची हेटाळणी झाली. आजोबांचं यंत्रावर प्रेम होतं. स्वतःच्या साच्यांना दसऱ्याला झेंडूचा हार घालणारा, त्यांचा आवाज ऐकून कुठला खिळा सैल झालाय ते सांगणारा तो माणूस. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की एका माणसाला किती साचे झेपतात हे ठरवताना साच्यापाशी उभ्या असलेल्याला विचारा.

सहा महिने घर कसं चाललं? बरेचजण गावी गेले. राहिले त्यांनी पठाणाचं कर्ज काढलं. संप मिटला, चौकशीसाठी फॉसेट समिती बसली. पुढच्या मार्चमध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी पुढारी पकडून नेले आणि 1929 चा दुसरा संप मोडला. त्यात आजोबांची कायमची जागा गेली. पुन्हा दार, पुन्हा भिंत. 1931 मध्ये कामगारांच्या प्रश्नांवरच्या रॉयल कमिशनने जॉबरचा भरतीचा अधिकार काढून घ्या, लेबर ऑफिसर नेमा, अशी शिफारस केली. 1935 मध्ये मालकांच्या संघटनेने बदली कामगारांना कार्डं द्यायला सुरुवात केली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना कार्ड मिळायचं, आणि जागा भरायची ती त्यांच्यातूनच. आजोबांना कार्ड मिळालं. जॉबरची मर्जी थोडी कमी झाली, हे त्यांना मान्य होतं. पण कार्डवाल्यालाही रोज सकाळी येऊन उभं राहावंच लागे, आणि न मिळालेल्या दिवसाचा पैसा त्यालाही नव्हताच.

आजीची गोष्ट वेगळी लिहायला हवी, कारण ती गिरणीच्या इतिहासात फार थोड्या ओळींत उरकली जाते. ती वाइंडिंगमध्ये, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती. 1929 मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला आणि त्यानंतर नायकिणी नव्या लग्न झालेल्या मुलींना घ्यायला कचरू लागल्या, असं ती सांगे. आजीने पहिल्या खेपेला दिवस गेलेले लपवले. बाळ झाल्यावर चाळीतल्या म्हातारीकडे ठेवून कामावर जाताना त्याला बाळगोळी द्यायची. बाळगोळीत अफू असायची. विसाच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीतल्या बायकांची पाहणी केली, तेव्हा कामावर जाणाऱ्या बहुतेक आयांच्या तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असंच त्यांना आढळलं होतं. माझ्या आईने एकदा न राहवून विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? आजी म्हणाली, "पोर निजला तर आवस कामार. पोर रडला तर शेजारीण किती दिस बघतली गो?" तिचं ते पहिलं मूल दोन वर्षांचं होऊन गेलं. बाळगोळीने गेलं असं कुणी म्हणालं नाही, पण आजीने पुढच्या एकाही मुलाला ती दिली नाही.

पुढे वेगाने चालणारी वाइंडिंगची यंत्रं आली, माणसं कमी लागू लागली, आणि बायकांची खाती आटत गेली. आजीला घरी बसवलं तेव्हा तिने खानावळ घातली. रातपाळीवरून येणाऱ्या गाळ्यातल्या पुरुषांना ती भाकरी आणि सुक्या बांगड्याची कढी वाढायची. पैसे महिन्याच्या महिन्याला, तेही पगार झाला तर. म्हणजे बदलीवाल्याचा खाडा शेवटी तिच्या चुलीपर्यंत यायचा. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला घेतलं, तेव्हा आजी थकली होती. त्या बातमीने ती हरखून गेली होती, एवढं मला आठवतं.

माझे वडील 1957 मध्ये गिरणीत लागले. तोवर लेबर ऑफिसर होता, कामगार न्यायालय होतं, आठ तासांची पाळी होती, विमा होता. ही केवढी मजल होती, ती आजोबांमुळे मला समजली. तरीही बाबा सात वर्षं बदलीवर राहिले. ऑटोमॅटिक साचे येत होते, एका माणसाकडे कितीतरी साचे जात होते, कायम जागा रिकामी होत नव्हती. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा मागण्यांत पगारवाढ होती, तशीच बदली कामगारांना कायम करा ही मागणीही होती. त्या संपाबद्दल खूप लिहिलं गेलंय. तो रीतसर मागे घेतला गेला नाही, तो विरत गेला. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं आणि जमिनीला कापडापेक्षा जास्त भाव आला. बाबा कंत्राटदाराकडे सुरक्षारक्षक म्हणून लागले. तिथेही कुणी आलं नाही की त्यांना बोलावणं यायचं.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने पहिली सोडत काढली ती 2012 मध्ये, 6,925 घरांची. आमचा नंबर लागला नाही. पुढे कागदांची छाननी पुन्हा निघाली, तेव्हा माझी पुतणी पुण्याहून आली आणि बाबांची कागदपत्रं स्कॅन करायला बसली. ओळखपत्र, गिरणीचा लाल पास, पीएफचा नंबर, ईएसआयचं कार्ड. ती थांबली.

"काका, आबा 57 साली लागले ना? मग इथे 64 का लिहिलंय?"

"तोपर्यंत बदलीवर होते."

"पण कामावर जात होते ना?"

बाबा खाटेवरून म्हणाले, "रोज जायचो. बोलावलं तर काम, नाही तर परत."

ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आबा, मी तीन महिने बेंचवर होते."

ती हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. एक प्रकल्प संपला आणि दुसरा मिळाला नाही, की माणूस बेंचवर. पगार चालू असतो, हा फरक लहान नाही, आणि आजोबांच्या रिकाम्या दिवसांपुढे तो मोठाच म्हणायला हवा. पण ठरावीक दिवसांत कुणी घेतलं नाही तर राजीनामा मागतात. ती रोज लॅपटॉप उघडून कंपनीतल्याच निरनिराळ्या प्रकल्पांकडे अर्ज करत होती. बायोडेटा आधी एक सॉफ्टवेअर चाळायचं आणि तिथेच बरेच बाद व्हायचे. आपल्याला का नाकारलं, हे विचारायचं कुणाला? जॉबरला निदान चेहरा होता. तिने त्या महिन्यांत घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. आई काळजी करेल म्हणून रोज सकाळी तयार होऊन ती ऑफिसला जात होती. झोप उडाली, केस गळू लागले.

आता तिला प्रकल्प मिळालाय. तिथे चाचण्या लिहून देणारं नवं एआयचं साधन आलं, आणि सहा जणांचं काम चौघांवर आलं. साधन चांगलं आहे, असं ती स्वतः म्हणते. पण ते लिहितं त्यातलं काय चुकलंय हे शोधायची जबाबदारी माणसाची, आणि चूक निसटली तर वार्षिक मूल्यमापनात तिच्याच नावावर. कंपनीने समुपदेशकाचा फोन नंबर दिला आहे, शुक्रवारी योगाचा वर्ग असतो. ती दोन्हींचा उपयोग करते आणि तिला त्याचा आधार वाटतो. हे असायलाच हवं. आमच्या आजीला कुणी तेवढंही विचारलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कामाने येणाऱ्या पूर्ण थकव्याची व्याख्या केली, तेव्हा त्याचा उगम हाताळला न गेलेल्या कामाच्या ठिकाणच्या ताणात सांगितला. म्हणजे तो हाताळायचा तर कामाच्या ठिकाणीच हाताळायला हवा. एका माणसाकडे किती काम, हे कोण आणि कुणाला विचारून ठरवतं, यावर बोलल्याशिवाय तो हलणार नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं. भरती एका खात्याकडे, तंत्रज्ञान दुसऱ्याकडे आणि ताण तिसऱ्याकडे, अशी वाटणी कंपनीत असते. ज्याच्या अंगावर ते येतं, त्याला ते एकदमच येतं.

मी तिला तिसऱ्या साच्याची गोष्ट सांगितली. तिला ती ठाऊक नव्हती, म्हण तेवढी ठाऊक होती. संपाच्या सतरा मागण्या कुठे वाचायला मिळतील, असं तिने विचारलं. मी नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं गिरणगावच्या मौखिक इतिहासाचं पुस्तक तिच्या हातात ठेवलं. ती ते घेऊन गेली.

महिन्याने तिचा फोन आला. तिने आणि टीममधल्या तिघांनी मिळून मॅनेजरला पत्र दिलं होतं. नवं साधन वापरताना एका माणसाकडे दिवसाला किती चाचण्या द्यायच्या ते आमच्याशी बसून ठरवा. निसटलेली चूक साधनाची की माणसाची याची वेगळी नोंद ठेवा. आणि आमच्यातून काढलेल्या दोघांना बेंचवर किती दिवस ठेवणार ते लेखी सांगा. मॅनेजरने पुढच्या बुधवारी बोलावलं होतं, तिला एकटीलाच.

बाबांना ऐकू कमी येतं, म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला होता. ते म्हणाले, "एकटी जाऊ नको. चौघांनी सही केलीय तर चौघं जा. आणि ते काय बोलतील ते तिथल्या तिथे लिहून घ्या, तारीख घालून."

"चौघांना आत घेतलं नाही तर?"

"तर आज नाही, चौघांना वेळ मिळेल तेव्हा येतो म्हणून सांगायचं. तेही लिहूनच द्यायचं."

तिने हे सगळं टिपून घेतलं असावं, कारण टाइप केल्याचा आवाज येत होता. मग तिने विचारलं, पत्राची एक प्रत एचआरला पाठवू का. बाबांनी माझ्याकडे बघितलं. एचआर म्हणजे लेबर ऑफिसर, असं मी सांगितल्यावर म्हणाले, "हो, पाठव. पोच घे."